आखेनमधला पहिला नंबर

सप्टेंबर २०२४च्या शेवटच्या आठवड्यात माझा भाचा सांगलीहून जर्मनीतल्या आखेनला आला. आरडब्ल्यूटीएच विद्यापीठात त्याला मेकॅनिकलच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. ताईने महिनाभर आधीच बॅगा भरायला काढल्या होत्या. भडंग, मेतकूट, छोटा कुकर, थर्मलचे दोन जोड आणि कागदपत्रांच्या तीन-तीन प्रती असलेली निळी फाइल, सगळं यादी करून भरलेलं. मी कोलोनला राहते, आखेनपासून रेल्वेने तासाभरावर. निघण्याआधी मी त्याला फोनचं विचारलं होतं. "झालंय मावशी, ई-सिम घेतलंय," तो म्हणाला. कसलं ई-सिम, हे मी विचारलं नाही. पुढचे सहा आठवडे जे चाललं त्याची सुरुवात तिथे आहे, म्हणून हे प्रकरण तारखांसकट लिहून ठेवते आहे. दर हिवाळी सत्राला पुण्या-नाशकाकडची, सांगली-कोल्हापूरकडची मुलं इकडे येतात आणि त्यातली बरीच याच वाटेवर अडखळतात.

त्याने घेतलेलं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम, प्रवाशांसाठीचं होतं. १५ दिवस, १० जीबी डेटा, बस्स. त्याला नंबर नव्हता. म्हणजे त्यावर फोन येत नाही, एसएमएस येत नाही. व्हॉट्सॲप भारतातल्या नंबरवर चालू होतं, नकाशा दिसत होता, ताईशी रोज व्हिडिओवर बोलणं होत होतं, त्यामुळे पहिले तीन दिवस काही कमी आहे असं त्याला वाटलंच नाही. आणि भारतातलं सिम? ते त्याने निघताना दाजींच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घालून दिलं होतं. शैक्षणिक कर्जाच्या बँकेचे ओटीपी त्यावर येतात, ते बाबा वाचून दाखवतील, असा हिशेब.

तो हिशेब चौथ्या दिवशी कोसळला. इथे बँक खातं उघडताना ॲप चालू करायला एसएमएस येणारा नंबर लागला. त्याने भारतातला दिला. आखेनमध्ये सकाळचे दहा वाजले होते, सांगलीत दुपारचा दीड. दाजी हायस्कूलवर शिकवतात, तासाला फोन कपाटात असतो. कोड काही मिनिटांतच शिळा होतो. दोन प्रयत्न वाया गेले, तिसऱ्या वेळी मधल्या सुट्टीत दाजींनी आकडे वाचून दाखवले आणि खातं एकदाचं चालू झालं. बँका तर ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणून बजावत असतात. आपल्याकडे घरोघरी ही पद्धत सर्रास चालते, पण साडेतीन तासांच्या फरकावर आणि एका माणसाच्या मोकळ्या वेळावर सगळं खातं टांगून ठेवणं मला तरी धास्तीचं वाटतं.

खरी अडचण खोलीची होती. तो ओळखीच्या एका मुलाच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून राहत होता. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब. खासगी खोली द्यायची तर घरमालक, त्यातही वयस्कर मंडळी, मेलपेक्षा फोनवर बोलणं पसंत करतात. जाहिरातीला उत्तर देताना खाली +९१चा नंबर लिहिला की पलीकडचा माणूस तो फिरवत नाही. त्यात तो नंबर सांगलीतल्या स्टाफरूममध्ये वाजणार. खोली नाही तर घरमालकाचं पत्र नाही; ते पत्र नाही तर नगरपालिकेत पत्त्याची नोंद, ज्याला इथे आनमेल्डुंग म्हणतात, ती नाही. कायद्याने घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि पुढची निम्मी कामं त्या एका कागदावर अडतात. या साखळीत फोन नंबर ही सगळ्यात स्वस्त कडी आहे. ती सगळ्यात आधी जोडून घ्यायला हवी होती.

दोन प्रीपेड सिम, दोन नकार

प्रीपेडचा प्रयत्न त्याने केला नव्हता असं नाही. दोन केले. दोन्ही का फसले ते नीट सांगते, कारण आपल्या मुलांना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

पहिलं सिम त्याने इंटरनेटवरून मागवलं, मित्राच्या पत्त्यावर. आलंच नाही. इथे पोस्टमन घराचा क्रमांक बघून टपाल टाकत नाही, टपालपेटीवरचं नाव बघतो. पेटीवर भाच्याचं नाव नव्हतं, म्हणून पाकीट "या नावाचा कुणी इथे आढळला नाही" असा शिक्का घेऊन परत गेलं. आपल्याकडे "अमक्याच्या वरच्या मजल्यावर, गणपती मंदिराशेजारी" एवढ्यावर पत्र पोचतं, त्यामुळे हे त्याच्या डोक्यातही आलं नसतं. मित्राच्या पेटीवर कागदाची पट्टी चिकटवून खाली आपलं आडनाव लिहिलं असतं तरी चाललं असतं.

दुसरं सिम सुपरमार्केटमधून आणलं. दहा युरोंच्या आसपासचं पाकीट, बिस्किटांसारखं काउंटरवरून घ्यायचं. पण घेतलं म्हणजे चालू झालं असं नाही. १ जुलै २०१७पासून जर्मनीत प्रीपेड सिमलाही ओळख पटवणं सक्तीचं आहे. त्याआधी कुणीही कुठलंही नाव टाकून सिम चालू करू शकत असे; दहशतवादविरोधी कायद्यांच्या फेरीत ते बंद झालं. आता नाव, पत्ता, जन्मतारीख नोंदवायची आणि मग एकतर व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवायचा किंवा पोस्टाच्या शाखेत जाऊन. व्हिडिओवर पासपोर्टचं पान तिरकं करून त्यावरची चमकणारी चिन्हं दाखवावी लागतात. मित्राच्या खोलीतल्या पिवळ्या दिव्यात ती दिसेनात. म्हणून तो पोस्टात गेला आणि तिथे नावावर अडकला.

आपल्या मराठी नावांची गोष्ट अशी, की पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव, बरेचदा त्याला जोडून वडिलांचं नाव असतं. जर्मन अर्जात "फोरनामे", म्हणजे पहिलं नाव, म्हणून जो रकाना असतो त्यात त्याने फक्त स्वतःचं नाव लिहिलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, अर्ज पाहिला, दोन्हींत फरक आहे म्हणाल्या आणि कागद परत दिले. त्यांचं चुकलं नाही. त्यांचं काम अक्षर अन् अक्षर जुळतंय का एवढंच बघण्याचं. वडिलांचं नाव हे वडिलांचं नाव आहे, माझं नाही, हे आपल्याला पटतं. इथल्या यंत्रणेच्या लेखी पासपोर्टच्या त्या रकान्यात जे आहे ते सगळं तुमचंच नाव. विद्यापीठ, बँक, विमा, सिम, घरभाडं, सगळीकडे तीच ओळ तशीच्या तशी लिहायची. एका ठिकाणी गाळलं आणि एका ठिकाणी लिहिलं की दोन माणसं तयार होतात.

"कुणीतरी हो म्हटलं"

आता आठवा दिवस होता. त्याने ठरवलं की पोस्टपेडच घ्यावं, बँक खातं तर आहेच. एका कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज भरला. दहा मिनिटांत मेल आला, आपला अर्ज स्वीकारता येत नाही. कारण दिलेलं नव्हतं.

कारण बहुधा शूफा. १९२७ साली बर्लिनमध्ये स्थापन झालेली आणि आता वीसबाडनला मुख्यालय असलेली ही संस्था लोकांच्या देण्याघेण्याचा इतिहास ठेवते. पोस्टपेड करार म्हणजे कंपनीच्या दृष्टीने उधारीच, म्हणून त्या आधी तिथे डोकावतात. नव्या आलेल्या माणसाची पाटी तिथे कोरी असते. कोरी म्हणजे वाईट नव्हे, पण यंत्राला हो म्हणायला काही सापडत नाही. भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं आपल्याबद्दल काहीतरी खोटं निघालं. शैक्षणिक कर्ज काढून आलेला मुलगा, त्याने हा नकार मनाला लावून घेतला आणि मला किंवा ताईला एका शब्दाने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावातल्या एका मोबाइलच्या दुकानात तो शिरला. दुकानाचं आणि कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. विक्रेता तरुण होता, इंग्रजी बोलणारा, वागायला छान. पासपोर्ट, व्हिसा, आयबॅन म्हणजे बँक खात्याचा क्रमांक घेतला आणि पाच मिनिटांत म्हणाला, मंजूर. सोबत नवा फोनही, "एका युरोत". फोन दुकानात शिल्लक नव्हता, टपालाने येणार होता. सिम मात्र तिथल्या तिथे चालू. पाटीवर मोठ्या आकड्यांत २४.९९ लिहिलेलं होतं. टॅबलेटवर त्याने तीन ठिकाणी सही केली.

संध्याकाळी सातला मला त्याचा फोन आला, नव्या नंबरवरून, आनंदाने. मी पहिलं विचारलं, किती महिन्यांचा करार? "चोवीस. पण मावशी, नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हो म्हटलं."

त्याच्या या वाक्यापुढे मला रागवता आलं नाही. आपली मुलं आकडेमोडीत कच्ची नसतात. ती थकलेली असतात. दारं बंद होत गेली की जे पहिलं दार उघडतं त्यातून माणूस आत जातो, आतलं भाडं न विचारता. म्हणून मी म्हणते की पहिला नंबर आणि पहिला करार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. नंबर पहिल्या दोन-तीन दिवसांत हवा. करार वर्षभर नसला तरी काही बिघडत नाही.

त्या रात्री मेलवर आलेले कागद आम्ही दोघांनी फोनवर मिळून वाचले. २४.९९ युरो पहिल्या ६ महिन्यांसाठी होते. उरलेले १८ महिने ३९.९९. शिवाय जोडणीचे एकदाच ३९.९९. बेरीज ९०९ युरो ७५ सेंट. आता हा आकडा कशाशी ताडायचा? विद्यार्थी व्हिसासाठी त्या सप्टेंबरपासून वर्षाचे ११,९०४ युरो दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात दाखवावे लागत होते, म्हणजे महिन्याला ९९२ सुटतात आणि त्यात भाडं, खाणं, विमा सगळं बसवायचं. फोनचा करार म्हणजे जवळजवळ एका महिन्याचं जगणं. तेच सुपरमार्केटचं प्रीपेड ४ आठवड्यांना ९ युरोंच्या आसपास पडतं. त्यातही ध्यानात ठेवायचं की ४ आठवडे म्हणजे महिना नव्हे. वर्षात १२ नाही, १३ वेळा पैसे जातात. तरी वर्षाला ११७ युरो, दोन वर्षांना २३४. मधल्या पावणेसातशे युरोंत तो "एका युरोचा" फोन. तसला फोन बाजारात साडेतीनशेच्या आत मिळत होता. आणि भाच्याचा जुना फोन ठणठणीत होता, ही तर वेगळीच गोष्ट.

सुटण्याची वाट

जर्मनीत राहणाऱ्या कुणालाही पहिलं सुचतं ते १४ दिवसांत करार मागे घेणं. मलाही तेच सुचलं आणि ते चुकीचं निघालं. तो हक्क इंटरनेटवरून, फोनवरून किंवा दारावर आलेल्या विक्रेत्याशी केलेल्या करारांना आहे. आपल्या पायांनी दुकानात जाऊन सही केली तर नाही. ही गोष्ट आपल्या मुलांनी गाठीला बांधून ठेवावी. जो करार संकेतस्थळावर केला असता तर पुढचे १४ दिवस विचार बदलता आला असता, तोच दुकानात केला की सहीबरोबर पक्का होतो. दुकानदार आपणहून घेतो परत, तो त्याचा चांगुलपणा.

मग मी मेल पुन्हा वाचले. एक मेल "करार सारांशा"चा होता. १ डिसेंबर २०२१ला जर्मनीचा दूरसंचार कायदा नव्याने लागू झाला. त्यातल्या कलम ५४ प्रमाणे कंपनीने ग्राहकाला सहीच्या आधी कराराचा एक छोटा, सुबोध सारांश द्यायचा असतो. किंमत काय, मुदत किती, वेग किती, संपवायचा कसा, हे सगळं त्यात. तांत्रिक कारणाने आधी देणं शक्यच नसेल तर लगेच नंतर द्यायचा, पण मग ग्राहकाने तो वाचून लेखी होकार कळवेपर्यंत करार लागूच होत नाही. मेललाही लेखी मानतात. आणि होकार दिला नाही, तर मधल्या दिवसांत वापरलेल्या सेवेचे पैसेही कंपनीला मागता येत नाहीत.

टॅबलेटवरच्या सहीची वेळ करारावर छापलेली होती, १६ वाजून २० मिनिटं. सारांशाचा मेल आला होता १८ वाजून ५ मिनिटांनी. दुकानात सारांश दाखवला होता का? भाचा विचार करून म्हणाला, नाही, फक्त सहीचे चौकोन दाखवले. मी त्याला दोनदा विचारलं, कारण इथे खोटं बोलून काही मिळवायचं नव्हतं.

त्यानंतर आम्ही काय केलं ते क्रमाने लिहिते. टपालाने येणारं फोनचं खोकं उघडायचं नाही, असं त्याला सांगितलं. ते मित्राच्या पत्त्यावर आलं, कारण आता पेटीवर पट्टी लागली होती, आणि तसंच सीलबंद कपाटावर राहिलं. सारांशाच्या मेलला "ठीक आहे", "धन्यवाद" असलं काहीही उत्तर द्यायचं नाही. विद्यापीठाच्या विद्यार्थी परिषदेत, म्हणजे आस्टामध्ये, विद्यार्थ्यांना कायद्याचा सल्ला मिळतो. तिथली वेळ घेतली. ती मिळाली नसती तर फरब्राउखरत्सेन्ट्राले, म्हणजे ग्राहक सल्ला केंद्र, याचीही शाखा आखेनमध्ये आहे. तिथे थोडी फी पडते. सल्लागारांनी कागद पाहून सांगितलं की मुद्दा टिकणारा आहे, कंपनी वाद घालेल, पण पत्र पाठवा.

पत्र अर्ध्या पानाचं होतं. करार क्रमांक, सहीची वेळ, सारांश मिळाल्याची वेळ, कलम ५४, "मी या कराराला मंजुरी देत नाही", "फोन न उघडता परत करत आहे", "१४ दिवसांत लेखी उत्तर द्यावे". मेलने पाठवलं आणि पोच मिळणाऱ्या नोंदणीकृत टपालानेही. भाच्याला वाटत होतं की त्यात आपण नवीन आहोत, विद्यार्थी आहोत, परिस्थिती अवघड आहे, हेही लिहावं. मी नको म्हटलं. त्याने पत्र लांबतं आणि कंपनीला उत्तर द्यायला सोपा परिच्छेद मिळतो.

याच टप्प्यावर त्याच्या एका वर्गमित्राने त्याला सांगितलं की खात्यातून गेलेले पैसे बँकेला सांगून परत ओढता येतात. ते खरं आहे. इथे थेट कापून घेतलेली रक्कम ८ आठवड्यांच्या आत कारण न देता परत मागवता येते. पण करार अंगावर असताना तसं केलं तर कंपनीच्या हिशेबी तुम्ही थकबाकीदार. आधी स्मरणपत्र, मग वसुलीवाले, आणि शूफाच्या त्या कोऱ्या पाटीवर पहिली नोंदच वाईट. मी त्याला हात लावू दिला नाही. आधी करार निकालात काढायचा, मग पैसे.

पहिलं उत्तर दहा दिवसांनी आलं. छापील मजकूर, करार वैध आहे, सद्भावना म्हणून १० युरो सूट देतो. आम्ही तेच पत्र पुन्हा पाठवलं, शेवटी एक ओळ वाढवून, की पुढची पायरी म्हणून बुंडेसनेत्सआगेंटूर या नियामक संस्थेकडे तंटा सोडवण्यासाठी अर्ज करू. तिथे दूरसंचाराच्या तक्रारींसाठी स्वतंत्र मध्यस्थी कक्ष आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसरं उत्तर आलं. कायद्याचा मुद्दा मान्य न करता, "सौजन्य म्हणून" करार सुरुवातीपासून रद्द, फोन मिळाल्यावर कापलेली रक्कम परत. शब्द कुठलेही असोत, आम्हाला चाललं. खोकं गेलं, पैसे आले.

एक किंमत मात्र मोजावी लागली. त्या करारातल्या सिमचा नंबर त्याने सहा-सात घरमालकांना देऊन टाकला होता. तो नंबर जाणार हे दिसत होतं, म्हणून पत्र पाठवलं त्याच दिवशी आम्ही प्रीपेड चालू केलं आणि त्याने प्रत्येकाला पुन्हा लिहिलं, माझा नंबर बदलला आहे. आठवडाभरात दोनदा नंबर बदलणारा परदेशी मुलगा घरमालकाला कसा दिसत असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

पाऊण तास

प्रीपेडच्या या तिसऱ्या प्रयत्नाला पाऊण तास लागला. तेच सुपरमार्केट, तसंच पाकीट. अर्जात पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. पत्ता मित्राचा, जिथे तो खरंच राहत होता आणि आता पेटीवर नाव होतं. पोस्टातल्या त्याच बाई. त्यांनी ओळखलं, हसल्या आणि शिक्का मारला. पोस्टातून बाहेर पडेपर्यंत सिम चालू झालेलं होतं.

जाळं कुठलं हा प्रश्न आपल्याकडच्यासारखाच आहे. इथे टेलिकोम, व्होडाफोन आणि ओ-टू यांची तीन मोठी जाळी, आणि उशिरा उतरलेलं वन-अँड-वन हे चौथं. आल्डी टॉक, लिडल कनेक्ट, कॉनग्श्टार ही नावं त्यांच्याच जाळ्यांवर चालणारी स्वस्त दुकानं आहेत. आल्डीचं ओ-टूवर, लिडलचं व्होडाफोनवर, कॉनग्श्टार टेलिकोमवर. आखेन शहरात तिन्ही चालतात. फरक पडतो तो प्रयोगशाळेच्या तळघरात, जाड भिंतींच्या जुन्या घरात किंवा आयफेलच्या डोंगराळ भागात फिरायला गेल्यावर. म्हणून वर्गातल्या दोघा-तिघांचे फोन तिथे चालतात का ते बघून ठरवावं, जाहिरातीतल्या नकाशावरून नको.

आखेनची एक गंमत म्हणजे हद्द. शहराच्या कडेला नेदरलँड्समधलं वाल्स गाव आहे, बस जाते, आणि टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम या तीन देशांचा तिठा. फोन मधूनच डच जाळं पकडतो आणि स्वागताचा संदेश येतो. पहिल्यांदा भाचा घाबरला. घाबरायचं कारण नव्हतं. १५ जून २०१७पासून युरोपीय संघात आपल्या पॅकमधूनच रोमिंग चालतं. गोंधळ वेगळ्याच जागी झाला. वाल्समध्ये एक स्वस्त खोली दिसली म्हणून त्याने आखेनमध्ये बसून घरमालकाच्या डच नंबरवर फोन लावला, १९ मिनिटं बोलला आणि चारेक युरो गेले. जर्मनीत बसून परदेशी नंबर फिरवणं हे रोमिंग नव्हेच, ते पॅकच्या बाहेर. संघातल्या देशांत मिनिटाला १९ सेंट अधिक कर अशी वरची मर्यादा आहे, एवढाच आधार. गंमत अशी की वाल्सला बसने जाऊन तिथून फोन केला असता तर तो पॅकमध्ये बसला असता. ती खोली तशीही घेता आली नसती, कारण त्याचा व्हिसा जर्मनीत राहण्याचा आहे. स्वित्झर्लंड या रोमिंगच्या नियमात नाही, हेही मी त्याला सांगून ठेवलं. बाझेलला गाडी पोचायच्या आत पॅकमध्ये स्वित्झर्लंड आहे का ते बघावं, नसेल तर डेटा बंद.

खोली शेवटी ऑक्टोबरच्या अखेरीस मिळाली, शहरातच, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात. त्यांनी फोनच केला होता.

राहिलं भारतातलं सिम. त्यावर कर्जाची बँक, आधार, डिजीलॉकर, सगळंच. ते बंद पडू देणं परवडणारं नव्हतं. ट्राय या भारतातल्या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर सलग ९० दिवस काहीच न वापरता राहिला आणि खात्यात २० रुपयेही नसले तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला जाऊ शकतो. व्हॉट्सॲपचा वापर त्यात धरला जात नाही. दाजींच्या फोनमध्ये सिम नुसतं पडून होतं आणि त्याला कुणीच नियमित रिचार्ज करत नव्हतं. मी दाजींना सांगितलं की आधी रिचार्ज करा आणि सिम भारतात आहे तोवर त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, कारण बाहेर आल्यावर ते करणं जिकिरीचं होतं. डिसेंबर २०२४मध्ये ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसची, डेटा नसलेली पॅक देणं कंपन्यांना सक्तीचं केलं आणि पॅकच्या मुदतीची कमाल मर्यादा ९०वरून ३६५ दिवसांवर नेली. अशा सिमसाठी ते वरदान आहे. डेटाचे पैसे न भरता नंबर वर्षभर जिवंत राहतो.

जानेवारीत पुण्याहून एका वर्गमित्राचे आईवडील आले, त्यांच्याबरोबर दाजींनी ते सिम पाठवलं. पाकिटात तिळाचे लाडू आणि एका कागदी घडीत सिम. भाच्याच्या फोनमध्ये आता भारताचं सिम खाचेत आहे, त्याचा डेटा बंद, फोन आला तर न उचलता व्हॉट्सॲपवरून उलट करायचा. जर्मनीचा नंबर ई-सिमवर. कर्जाच्या पुढच्या हप्त्याचा ओटीपी आखेनमध्येच आला. दाजींनी त्या दिवशी सवयीने फोन कपाटाबाहेर ठेवला होता म्हणे.

वर्षभराने, विद्यापीठातच सहायकाची नोकरी मिळाल्यावर, त्याने पोस्टपेड घेतलं. दर महिन्याला सोडता येणारं, फोन न जोडलेलं, प्रयोगशाळेच्या तळघरात नीट चालणाऱ्या जाळ्याचं. अर्ज संकेतस्थळावर भरला, म्हणजे १४ दिवस हातात राहिले. या वेळी शूफाने अडवलं नाही. सारांश आधी आला, तो त्याने मला पाठवला, मी वाचला, मग त्याने होकार दिला. जुना नंबर नव्या कंपनीकडे नेताना एक सकाळ फोन बंद होता, दुपारी पुन्हा चालू झाला. सुपरमार्केटमधून आणलेला तोच नंबर आहे अजून. ताईने तो स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवलाय.